एक मिनिट मामा

आमच्या बुवापाड्यातल्या निम्म्या जोडप्यांची लग्नं ज्या माणसाने लावली, त्याला स्वतःचं नाव धड सांगता यायचं नाही. खोटं वाटेल तुम्हाला, पण माझं घर या गोष्टीला साक्षी आहे. नाव होतं काशिनाथ. त्यातला पहिलाच 'का' घशात असा रुतून बसायचा की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागायचा. मग ते उजव्या हाताचं एक बोट वर करून म्हणायचे, "एक मिनिट." आणि गंमत बघा, हे 'एक मिनिट' मात्र लोण्यासारखं निघायचं. कधी म्हणून अडकलं नाही. त्या दोन शब्दांच्या खुंटीवर मग बाकीचं वाक्य हळूहळू टांगायचे. म्हणून ते एक मिनिट मामा. वयाने मोठे असून मला ताई म्हणायचे, म्हणून माझ्या सुजाताचे मामा झाले, आणि बघता बघता अख्ख्या पाड्याचे झाले.

आमचे हे आणि मामा फॅक्टरीत एकाच खात्यात. सकाळी हजेरी व्हायची. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, एवढंच काम. पण तो 'ह' मामांच्या छातीतून वर यायलाच तयार नसायचा. पुकारणारा पुढच्या नावावर गेला की मामांचा 'हजर' बाहेर पडायचा आणि दुसऱ्याच्या नावाला लागायचा. शेवटी मामांनी युक्ती काढली. नाव आलं की जेवणाच्या डब्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची. पुढे पुढे पुकारणाराही मान वर करेनासा झाला. टकटक ऐकली की खूण करायचा. एकदा मामा तापाने घरी होते आणि कोणाचा तरी डबा चुकून बाकावर आपटला, तर मामांची हजेरी लागली. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः साहेबांकडे गेले आणि पाच मिनिटं खर्चून सांगून आले की काल मी नव्हतो. आमचे हे म्हणाले, "अरे, लागली होती ना, राहू द्यायची." मामा म्हणाले, "एक मिनिट. ड-डबा हजर होता. मी न-नव्हतो."

आता त्यांची एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मामांचा शब्द अडला की समोरचा माणूस मदतीला धावायचा. चांगल्या मनानेच. पण आपल्या मनातला शब्द त्यांच्या तोंडात घालायचा. आणि मामा, भांडण नको, वेळ नको, म्हणून मान हलवून टाकायचे. मान हलवली की विषय संपला. एकदा उल्हासनगरला सदऱ्याचं कापड घ्यायला आम्ही बरोबर गेलो होतो. मामांना हवं होतं पांढरं. विहारात घालायला. दुकानदार सिंधी, एकदम प्रेमळ माणूस.

"बोलो साईं, कौनसा कलर?"

"पां…"

"पीला?"

मामांनी बोट वर केलं. "एक मिनिट. पां…"

"अच्छा, पिस्ता. पिस्ता दे दो साईं को, एकदम चलता है."

मामांनी मान हलवली. मी बाजूला साड्या बघत होते, मला घरी येऊन कळलं. पुढे कित्येक वर्षं मामांच्या अंगात तो पिस्ता रंगाचा सदरा. फाटेचना. मी म्हटलं, "मामा, तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?" तर हसून म्हणाले, "ताई, न-नाही म्हणायला पण ब-बोलावंच लागतं."

रिक्षाचंही तेच. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा लागलेल्या. पालेगावला मामांची बहीण दिली होती. पण 'पालेगाव' कोण म्हणणार? मामा उभे राहून कान द्यायचे. दुसरं कोणी 'पालेगाव' म्हणालं की पटकन त्याच्या शेजारी जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "मी पण." कोणीच म्हणालं नाही तर सरळ चालत निघायचे. बहीण म्हणायची, "दादा, एवढं उन्हातून चालत कशाला आलास?" मामा म्हणायचे, "प-पाय मोकळे केले."

एकट्या मालनमामी, त्यांची बायको, कधी त्यांचं वाक्य पुरं करायच्या नाहीत. हातात उलथनं धरून उभ्या राहायच्या, भाकरी करपली तरी चालेल, पण नवऱ्याचं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडायच्या नाहीत. मी एकदा मध्येच शब्द पुरवला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, दुसऱ्याच्या ताटातला घास उचलायचा आणि त्याच्याच तोंडात कोंबायचा, ही कसली मदत?" मला तेव्हा राग आला होता. आपण मदत करतो आणि वर बोलणी खायची. असो.

पाड्यातली पोरं नक्कल करायची, ती कशाला लपवू. माझी सुजाताच सगळ्यात पुढे. सहा वर्षांची असेल, ओट्यावर उभं राहून बोट वर करून "ए-ए-एक मिनिट" चाललं होतं, आणि मागे मामा उभे. मी हात उगारला. मामांनी माझा हात धरला आणि तिच्यापुढे उकिडवे बसले.

"एक मिनिट. च-चुकतंय तुझं. 'एक मिनिट' मी नाही अडकत. मी पु-पुढे अडकतो. आणि ओठ असे… अ-असे घट्ट मिटायचे. हां. आता कर."

पोरीला अर्धा तास शिकवणी. ती एवढी हुबेहूब करायला लागली की दोघंही हसून लोळली. त्या दिवसापासून ती नक्कल करेनाशी झाली, आणि शाळेतून आली की आधी मामांच्या ओट्यावर. मामा तिला म्हणायचे, "तुझं लग्न मी ल-लावणार." ती म्हणायची, "मग लवकर सुरुवात करा, संध्याकाळ होईल." असं हे दोघांचं.

आता लग्नं लावायला ते कसे लागले, ते ऐका. वंदना म्हणताना मामा कधीच अडखळायचे नाहीत. चारजण बरोबर म्हणत असले की त्यांचा आवाज नळाला पाणी आल्यासारखा यायचा, भरदार, गोड. सगळी पाली सूत्रं पाठ. विहारात मागच्या रांगेत बसायचे आणि पुढच्या रांगेला सूर द्यायचे. एका लग्नात आमचे बौद्धाचार्य आलेच नाहीत, ते दुसऱ्या गावी अडकून पडले. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत बसलेली, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपुढच्या मेणबत्त्या निम्म्या वितळलेल्या, मांडवात कुजबुज. तेव्हा माझ्या सासूबाई उठल्या. बोलायला फटकळ, सगळा पाडा त्यांना वचकून. म्हणाल्या, "काशिनाथ, ऊठ. तुला सगळं येतं."

मामा पांढरे पडले. पण सासूबाईंना नाही कोण म्हणणार. उठले. त्रिसरण, पंचशील झकास झालं, सगळे बरोबर म्हणतच होते. मग आली प्रतिज्ञा. ती आधी एकट्याने सांगायची असते आणि मागून नवऱ्याने म्हणायची. मामांनी तोंड उघडलं आणि शब्द बसला. मानेची शीर फुगली. नवऱ्यामुलाचा मामा हसला, हे मी पाहिलं. आणि पहिल्या रांगेतून सासूबाईंनी मांडीवर हात मारून सुरू केलं, "मी माझ्या पत्नीचा…" त्यांच्याबरोबर आणखी दोघी, मग आम्ही सगळ्याजणी, आणि त्या आवाजावर स्वार होऊन मामांचा आवाज निघाला तो शेवटच्या प्रतिज्ञेपर्यंत थांबला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे ही रीतच पडली. लग्नाची प्रतिज्ञा अख्खा मांडव म्हणतो. बाहेरचे पाहुणे गोंधळतात, म्हणतात, लग्न कोणाचं चाललंय? पण तिचा फायदा विचारा आम्हाला. आमच्या गल्लीत एकाने बायकोवर आवाज चढवला की समोरची म्हातारी खिडकीतून म्हणते, "काय रे, त्या दिवशी आम्ही पण म्हटलं होतं बरं का, सन्मानाने वागवीन म्हणून. आमचा शब्द खाली पाडतोस?" एकट्याने घेतलेली शपथ एकट्याला मोडता येते. पाड्याने घेतलेली कशी मोडणार?

तर माझ्या सुजाताचं ठरलं. मुलगा निखिल, बदलापूरचा, चांगला शिकलेला, शांत. घरात कर्ता माणूस त्याचा काका. काका म्हणजे ऑफिसात मोठ्या हुद्द्यावरचे, सभासमारंभात बोलणारे, शर्टाच्या खिशाला पेन. बोलणी करायला आले तेव्हा चहा घेता घेता म्हणाले, "ताई, गैरसमज नको. ते तुमचे लग्न लावणारे गृहस्थ, भले असतील. पण आमच्याकडून ऑफिसची माणसं येणार. शूटिंग आयुष्यभर राहतं. आमच्याकडे एकजण आहेत, असं खणखणीत म्हणतात की हॉलमध्ये माईक लागत नाही. त्यांनाच सांगू का?"

आणि मी "चालेल" म्हणाले. लगेच. कपातला चहासुद्धा हलला नाही. चांगलं स्थळ, मुलीची पसंती, कशाला फाटे फोडा, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांकडे गेले. मामी नळावर गेल्या होत्या. मामा खाटेवर वही घेऊन बसले होते. त्यांची पद्धत अशी, की लग्न ठरलं की नवरा-नवरीची नावं वहीत मोठ्या अक्षरात लिहायची आणि आठ-आठ दिवस पुटपुटायची, म्हणजे ऐन वेळी जीभ वळते. वहीत पान भरून लिहिलं होतं, सुजाता, सुजाता, सुजाता. ते मी पाहिलं. पाहूनही बोलले. काकांचं म्हणणं सांगितलं, जरा मऊ करून.

मामांनी बोट वर केलं. "एक मिनिट, ताई. म-मला…"

ओठ घट्ट मिटले. शीर फुगली. दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढाही मी थांबले नाही. म्हणाले, "मला कळतं हो मामा. तुम्हालाही आता दगदग सोसत नाही. तुम्ही पुढे बसा, आशीर्वाद द्या, झालं. बरोबर ना?"

मामांनी मान हलवली.

ती मान मला ठाऊक होती. पिस्ता रंगाच्या सदऱ्याची मान होती ती. तरी मी ती उचलली आणि घरी आले.

संध्याकाळी सुजाता कामावरून आली. मी सांगितलं. चप्पलसुद्धा काढली नाही तिने.

"मामा काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

"म्हणाले, की मान हलवली?"

मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

"आई, मी विचारतेय."

"हलवली," मी म्हणाले.

ती तशीच वळली. मीही मागोमाग निघाले, पदराला हात पुसत. मामा ओट्यावर बसले होते, मामी तांदूळ निवडत होत्या. सुजाता त्यांच्या पायरीवर बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मामा, सकाळी आईला जे सांगत होतात ते मला सांगा. मला कुठे जायचं नाहीये."

मामा म्हणाले, "एक मिनिट." आणि मग काय सांगू, ते मिनिट एवढं लांबलं. मामींचे हात सुपात थांबले. गल्लीतून एक रिक्षा गेली, ती वळून परतही आली. मला दहा वेळा वाटलं की बोलावं. मामींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. आणि मग मामा म्हणाले, "म-मला… लावायचंय. तुझं लग्न. म-मीच."

एवढंच होतं ते. हे ऐकायला मी सकाळी थांबले नव्हते.

सुजाता म्हणाली, "मग लावा की." तिथूनच निखिलला फोन केला. पलीकडून तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण ती म्हणाली, "नाही, विचारत नाहीये. सांगतेय." मग जरा थांबून हसली. "तो म्हणतो, काकांशी मी बोलतो. अडखळत बोलेन, पण बोलेन."

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये मामा आले आणि आम्ही बघतच राहिलो. अंगात पांढरा शुभ्र सदरा. मी विचारलं, "मामा, कापड कोणी आणलं?" तर छाती काढून म्हणाले, "मी. उ-उल्हासनगरहून. मा-मागितलं."

काकांनी पुतण्यापुढे हार मानली होती, पण चेहरा काही सैल सोडला नव्हता. त्यांनी माईक हातात घेतला, पाहुण्यांचं स्वागत केलं, खणखणीत, आणि मग माईक मामांपुढे धरून म्हणाले, "आमची मंडळी आपल्याला ओळखत नाहीत. तेव्हा आधी आपलं शुभनाव सांगावं."

मनात काही होतं की सहज म्हणाले, आजही मला माहीत नाही. पाड्यात कधी मामांना नाव सांगायची वेळच आली नव्हती, दुसरंच कोणीतरी पुकारायचं. इथे अर्धा हॉल परका, वर माईक, वर कॅमेरा. माझ्या बाजूला आमच्या गल्लीतल्या शेवंताबाई, त्यांच्या तोंडून सवयीने निघायलाच लागलं होतं, "का…" मी त्यांच्या हाताला असा चिमटा काढला की बांगडी वाजली.

मामांनी बोट वर केलं. "एक मिनिट."

मग म्हणाले, "मी अ-अडखळतो. मला स-सवय आहे. तुम्ही पण क-करून घ्या."

हॉलमध्ये हशा पिकला. पण बघा, ते हसणं मामांना नव्हतं, मामांबरोबर होतं. मागचे लोक पुढे सरकून बसले.

"माझं नाव का…"

आणि शब्द बसला. माईकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली केला, सुजाताने त्याला डोळ्यांनी दटावलं, त्याने परत वर केला. मी मेणबत्तीकडे बघत होते. ज्योत हलत होती, एक मेणाचा थेंब कडेला आला, ओघळला, खाली येऊन थिजला. अख्खा बुवापाडा दात आवळून बसलेला. एवढी वर्षं ज्यांनी त्यांच्या तोंडात शब्द कोंबले, त्यातल्या एकानेही हूं की चूं केलं नाही.

"का-का-काशिनाथ."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. वाजवायच्या असतात का तिथे? पण दोनशे माणसांनी एकदम सोडलेला श्वास मी त्या दिवशी ऐकला. असा आवाज मी परत कधी ऐकला नाही.

पुढे काय, गाडी घाटातून उतरल्यासारखी. वंदना झाली, मग प्रतिज्ञा. आमचा पाडा गर्जत होता, बदलापूरकर गप्प, एकमेकांकडे बघत. दुसऱ्या प्रतिज्ञेला निखिलची आई आमच्यात आली. तिसऱ्याला मागच्या रांगा. आणि चौथ्याला काका. त्यांना थांबताच येईना. चुकीच्या ठिकाणी सुरू करायचे, सगळ्यांच्या पुढे पळायचे, पण आवाज असा की खिडकीची तावदानं वाजावीत. आज ते शूटिंग लावलं तर त्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या नात्यात लग्न होतं, तर मला म्हणाले, "ताई, आम्ही पण सुरू केलं हो ते, सगळ्यांनी म्हणायचं." मी म्हटलं, "काका, तुमच्याकडे तर खणखणीत म्हणणारे आहेत." म्हणाले, "आहेत ना. पण एकट्याचं ऐकून लोक घरी जातात, शपथ कोणाच्या लक्षात राहत नाही."

आता मामा पाड्यात नाहीत. त्यांच्या मुलाने पालेगावात नव्या टॉवरमध्ये घर घेतलं, चौदाव्या मजल्यावर. जायच्या दिवशी मामांनी खोलीतून सगळं नेलं, फक्त तो जुना डबा मला दिला. म्हणाले, "ताई, हा ह-हजर राहील." मी तो ओट्याजवळच्या फळीवर ठेवलाय. त्यांचे गुडघे गेले, माझे गेले, जाणं-येणं होत नाही. मामी वारल्या त्यालाही वर्ष झालं. चौदाव्या मजल्यावर ओटा कुठला, आणि तांदूळ निवडता निवडता वाट बघणारं माणूस कुठलं.

आणि ज्या माणसाने जन्मात कधी फोन उचलला नाही, फोन म्हणजे ज्यांना वाघ वाटायचा, ते आता दर रविवारी सकाळी मला फोन करतात. नव्या घरातला नंबर, नाव काही उमटत नाही. घंटी वाजते. मी उचलते. पलीकडून काहीच येत नाही. परवा माझी सून म्हणाली, "आई, कोणी बोलत नाहीये, फसवणुकीचे फोन असतात हल्ली, ठेवून द्या."

मी तिला हाताने गप्प केलं. फोन कानाला तसाच धरला आणि खाली बसले. पलीकडे श्वास ऐकू येतो. गॅसवर दूध होतं. सुनेला म्हटलं, "दुधाकडे तू बघ."

मला ठाऊक असतं कोण आहे ते. नाव माझ्या जिभेवर असतं. मी ते म्हणत नाही.

"एक मिनिट, ताई," आवाज येतो. आणि मग, किती का वेळ लागेना, "मी का-काशिनाथ बोलतोय."